भाकरीची खूण

४ मे २०२५, रविवार

...त्यानंतर मी पाण्याचं पातेलं उतरवलं आणि त्यांना अंघोळीला दिलं. त्या दिवशी नळाला साडेपाचलाच पाणी आलं होतं. हंडे भरले, अंगण झाडलं, आदल्या रात्रीची भांडी घासली. पीठ कमी होतं म्हणून तीनच भाकरी थापल्या. मेथी निवडून ठेवली. ते चहा पिऊन निघाले आणि दारातून म्हणाले, "लसूण आणू का येताना?" मी म्हटलं, आणा. रिटायर झाल्यापासून ते रोज सकाळी घोरावाडी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचे. तीस वर्षं रेल्वेत कीमन होते. हातोडा आणि पाना घेऊन रोज रूळ चालायचे. मग नुसतं बसून गाड्या बघायला लागले. ते गेल्यावर मी चादरी भिजवल्या. दुसरी चादर पिळत होते तेव्हा स्टेशनवरचा माणूस सांगायला आला.

काल यांना जाऊन वर्ष झालं. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला. मुलगी शुभदा लोणावळ्याहून आली होती, ती तिथे हॉटेलात रिसेप्शनवर असते. जाताना म्हणाली, "आई, इथे एकटी काय करतेस? चल माझ्याकडे." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "वर्षभर बघूच म्हणतेस."

कपाट आवरताना त्यांची रेल्वेची कोरी वही सापडली. कोरी वही घरात पडून राहणं बरं नाही, म्हणून लिहिते आहे.

२० मे, मंगळवार

गुडघा दुखतो म्हणून गावच्या आरोग्य उपकेंद्रात गेले. मंगळवार म्हणजे बीपी-शुगरचा दिवस. म्हाताऱ्या माणसांची ओळ व्हरांड्याबाहेर गेली होती. सिस्टर एकट्याच. अमृता सिस्टर तळेगावच्या आहेत, तरुण आहेत, बोलतात भराभर.

माझ्यापुढे भिमाजी आबा होते. त्यांनी खिशातून गोळ्यांचे कापलेले तुकडे काढून टेबलावर ओतले.

"ह्यातली बीपीची कंची न् शुगरची कंची?"

"आबा, तुम्ही सगळं एकाच खिशात टाकल्यावर मला कसं कळणार?"

"खिसा एकच हाय. दुसरा फाटलाय."

सिस्टरनी कपाळाला हात लावला. मी चष्मा लावला आणि तुकडे वेगळे केले. बऱ्याच तुकड्यांवर नावाचं अर्धंच अक्षर होतं, पण रंग आणि मागच्या रेघा जुळत होत्या. घरी यांना बीपी होतं, त्यामुळे मला ती नावं माहीत होती.

सिस्टर बघत राहिल्या. "मावशी, शिक्षण किती?"

"दुसरी."

"दुसरीला ॲम्लोडिपिन शिकवतात?"

मी सांगितलं की मराठी मी भज्यांच्या कागदांवरून शिकले आणि इंग्रजी अक्षरं स्टेशनच्या पाट्यांवरून. पाटीवर एकच नाव तीनदा लिहिलेलं असतं, त्यामुळे सोपं जातं. मग विहारातली पुस्तकं. आता समोर छापलेलं दिसलं की मी वाचते, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदसुद्धा.

सिस्टर म्हणाल्या, "मंगळवारी याल का मदतीला? पगार-बिगार काही नाही हां."

गुडघा दाखवायचा राहिला.

२७ मे, मंगळवार

पहिला दिवस. नऊ वाजता गेले, दोनला आले.

अडचण माझ्या लवकर लक्षात आली. गोळ्यांची पट्टी सिस्टर कात्रीने कापून जेवढ्या द्यायच्या तेवढ्या देतात. नाव कापलं जातं. पाकिटावर त्या पेनाने 1-0-1 लिहितात. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ती नुसती काठी आणि गोळा.

मी पाकिटांवर चित्रं काढायला सुरुवात केली. सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र. जेवणानंतर घ्यायची असेल तर भाकरी. गोल काढायचा आणि आत तीन-चार ठिपके द्यायचे, करपल्याचे. उपाशीपोटी घ्यायची असेल तर रिकामी ताटली.

भिमाजी आबांची बायको धोंडाबाई माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी. मी त्यांना काकी म्हणते. त्यांनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं.

"ह्यो सूर्य?"

"व्हय काकी."

"आन् ही भाकरी. लय बारीक थापलीस गं. एवढ्याशा भाकरीनं पोट भरतं व्हय कुनाचं?"

सगळी ओळ हसली. मी पुन्हा एक मोठी भाकरी काढून दिली.

"म्हंजे सकाळी भाकर खाल्ली की गोळी."

"बरोबर."

"मंग मला हे वाचता येतंय की."

आबा म्हणाले, "आता तालुक्याची सभापती व्हनार ही."

"तुमच्यासारकं खिशात तर न्हाई ना ठेवत!"

घरी आले तेव्हा चहा केला. दोन कप झाला. अजून हाताला तेच माप आहे. दुसरा कप संध्याकाळी गरम करून घेतला.

१७ जून, मंगळवार

आता मंगळवार सोडून इतर दिवशीही घरं फिरते. कोणी गोळ्या घेतो की नाही ते बघायला. सिस्टरना तेवढा वेळ नसतो. आशाताईंकडे बाळंतिणी आणि लहान मुलांची कामं असतात.

आज धोंडाकाकींकडे गेले. सून कोमल हिने चहा दिला, घरातल्या कपातून, आणि आत सोप्यावर बसवलं. मी लग्न होऊन या गावात आले त्या वर्षी याच घरी भात झोडायला आले होते. तेव्हा चहा आम्हाला बाहेर मिळायचा आणि कप आम्हीच धुऊन कोनाड्यात पालथा घालायचो. तो कोनाडा आता नाही, तिथे मोटारसायकल उभी असते. धोंडाकाकींना ते आठवत असेल का मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. चहा गोड होता.

गोळ्या मोजल्या. चार जास्त होत्या. मी विचारलं तर काकी म्हणाल्या, "घेते की मी बरूबर. तू काढलंय तसंच." एखाद्या वेळी राहिली असेल. बीपी थोडं जास्त निघालं होतं. सिस्टर म्हणाल्या, पुढच्या महिन्यात बघू.

१ जुलै, मंगळवार

एक गोष्ट लिहायची राहिली आहे. वर्षभर राहिली.

ते गेल्यावर आठ दिवसांनी मी त्यांची कामाची पिशवी उघडली. त्यात जुना पाना, शिट्टी, हातमोजे आणि गोळ्यांच्या पाच पट्ट्या होत्या. भरलेल्या. मी रोज सकाळी चहाबरोबर त्यांच्या हातात गोळी द्यायचे. रिटायर झाल्यावर ते म्हणाले, "आता मी काय कुकुलं बाळ हाय का? माझी मी घेतो." मी म्हटलं, घ्या. मला एक काम कमी झालं.

शुभदाला हे सांगितलेलं नाही. सांगून काही होणार नाही.

आज उपकेंद्रात गर्दी होती. सव्वीस पाकिटं काढली. शाई संपली.

१५ जुलै, मंगळवार

लोणावळ्याच्या एका संस्थेच्या डॉक्टर आल्या होत्या, अनघा मॅडम. त्या मावळातल्या गावांमधून बीपीचं काम करतात. टेबलावरची पाकिटं त्यांनी उचलली आणि एकेक बघत बसल्या.

"ही कोणी काढली?"

सिस्टर म्हणाल्या, "आमच्या हिरामावशींनी. आमच्याकडे आता गोळ्यांची गडबड होत नाही, मॅडम."

अनघा मॅडम म्हणाल्या की त्यांनी मुंबईच्या माणसाकडून चित्रं करून घेतली होती. त्यात काटा-चमचा होता. "एका आजीनं मला विचारलं, गोळी टोचून खायची का?" आम्ही तिघी हसलो.

त्यांना माझी चित्रं छापायची आहेत. वीस गावांसाठी पाकिटं. आणि मी गावोगावच्या बायकांना शिकवायचं, पाकीट कसं द्यायचं, काय बोलायचं. मला म्हणाल्या, "हे तुमचं काम आहे, मावशी. तुमचं नाव मागे छापू." मी म्हटलं, नावाचं काही नाही. पण घरी येताना रस्ता नेहमीपेक्षा लवकर संपला.

शुभदाला फोन केला. ती म्हणाली, "आता लोणावळ्याला यायचंच आहे तर कायमची ये." मी म्हटलं, कायमचं काम इथे आहे. 

२२ जुलै, मंगळवार

नेहमीचा दिवस. धोंडाकाकींना तीस गोळ्या दिल्या, उद्यापासून सुरू. त्या म्हणाल्या, "शुक्रवारपासनं श्रावण लागतोय, लय कामं हायेत." शिरगावला साईबाबाच्या देवळात त्या दर गुरुवारी चालत जातात, त्याबद्दल बोलत होत्या. मी पुढचं पाकीट काढत होते, नीट ऐकलं नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

आज घोरावाडीहून गाडीने लोणावळ्याला. तिसऱ्यांदा. छापायचा नमुना बघितला. भाकरी छान आली आहे. माझ्या हाताला थोडी वाकडी यायची, त्यांनी ती गोल केली. मी म्हटलं, थोडी वाकडीच ठेवा, गोल असली की लोकांना वाटेल रुपया आहे. अनघा मॅडमनी लगेच लिहून घेतलं.

परत येताना विचार केला की कोणी मला काही विचारतं आणि लिहून घेतं, हे यापूर्वी कधी झालं होतं. आठवलं नाही.

घरं फिरणं पंधरा-वीस दिवस झालं नाही. पाऊसही आहे. पुढच्या आठवड्यात जाईन.

१९ ऑगस्ट, मंगळवार

साडेदहाला भिमाजी आबा धावत आले. चप्पल एकच होती पायात.

"सिस्टर, म्हातारीचं तोंड वाकडं झालंय. कप पडला हातातनं. म्या म्हटलं, अगं धर की, तर नुसती बघती माज्याकडं."

सिस्टर पेटी घेऊन धावल्या, मी मागे. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडलेला. बीपी दोनशे दहा. सिस्टरनी १०८च्या गाडीला फोन केला आणि काकींना पाणीसुद्धा पाजू नका म्हणून कोमलला सांगितलं. मग विचारलं, "आजी, गोळ्या घेत होतात का?"

काकींनी आधी सिस्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"इसारले," त्या म्हणाल्या. शब्द नीट येत नव्हता. पुन्हा म्हणाल्या, "इसारले म्या."

"अहो आजी! पाकिटावर एवढं चित्र काढून दिलंय मावशींनी! लहान मूलसुद्धा घेईल! स्वतःच्या जिवाची काही काळजी?" सिस्टर फार ओरडल्या. घाबरल्या होत्या म्हणून ओरडल्या असतील.

आबा म्हणाले, "न्हाई वो, घेती ती..." कोमल काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात गाडी आली.

तळेगावच्या दवाखान्यात नेलं. सिस्टरनी रजिस्टरमध्ये लिहिलं, रुग्णाने गोळ्या नियमित घेतल्या नाहीत. मी शेजारी उभी होते. वाचलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

धोंडाकाकींना काल घरी आणलं. बोलणं बरंच सुधारलं आहे. उजवा हात उचलत नाही. डॉक्टर म्हणाले, थोडा येईल, सगळा येईल असं नाही. त्या हाताने त्यांनी पन्नास वर्षं भाकरी थापल्या.

मी पाकीट बघायला मागितलं. कोमलने देव्हाऱ्यामागून काढून दिलं. सतरा गोळ्या शिल्लक.

"विसरल्या म्हणजे अशा किती दिवस विसरल्या?" मी विचारलं.

कोमल पदराशी चाळा करत होती. "इसरल्या न्हाईत मावशी. उपास व्हते आत्याबाईंचे."

"मग?"

"उपासाला भाकर कुटं खात्यात? भाकर न्हाई म्हून गोळी न्हाई. तुमी भाकर काढली व्हती ना. म्या म्हटलं त्यांना, भगर खाऊन घ्या गोळी, तर म्हनाल्या, चित्रात भगर न्हाई. डाक्टरचं काम हाय, आपल्या मनानं करू नये."

मी तिथेच बसून पाकिटाच्या मागे मांडलं. चार गुरुवार, साईबाबाचे. चार श्रावणी सोमवार. चार शनिवार. एक एकादशी. मंगळवारची अंगारकी. चौदा. तेवीस जुलैपासून सोमवारपर्यंत सत्तावीस दिवस झाले. त्यांतल्या चौदा दिवशी गोळी नाही. अर्धांगाचा झटका आला त्या दिवशीही एकादशीच होती. जूनमध्ये ज्या चार गोळ्या जास्त होत्या ते तीन गुरुवार आणि एक एकादशी होती. मी मोजल्या होत्या आणि विचार केला नव्हता.

आमच्या घरात उपवास नाहीत. सासऱ्यांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा ते सगळं सुटलं. मी माहेरीही केले नाहीत. शेजारच्या बायका करतात हे मला जन्मापासून माहीत आहे. त्यांची भगर मी खाल्ली आहे. पण पाकिटावर भाकरी काढताना माझ्या डोळ्यांसमोर माझं घर होतं. तिथे रोज भाकरी असते. सिस्टर स्वतः गुरुवार करतात, त्यांनाही सुचलं नाही. पण चित्र मी काढलं.

मी काकींना विचारलं, "सिस्टरला खरं का न्हाई सांगितलं? इसारले कशाला म्हनाला?"

"काय सांगायचं? तिनं तुलाच बोल लावला असता."

"लावू द्यायचा की."

त्यांनी मला जवळ बसायला खुणावलं. मग म्हणाल्या, "हिरे, मला एक सांग. म्या बरूबर वाचलं व्हतं का न्हाई?"

"बरोबर वाचलं व्हतं काकी."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

बाहेर आबा बसले होते. म्हणाले, "काल दवाखान्यात इंजेक्शन देनाऱ्या पोरीला म्हनती, ह्यावर चित्र न्हाई काडलं का? समदी हसली." त्यांना हसू येत होतं आणि डोळेही पुसत होते.

२४ ऑगस्ट, रविवार

उद्या लोणावळ्याला शेवटचा नमुना पास करायचा आहे. मग छापायला जाणार.

कोणाला माहीत नाही. रजिस्टरमध्ये काकी विसरल्या असं लिहिलेलं आहे, त्यांच्याच तोंडचं. कोमल बोलणार नाही. मी उद्या सही केली तर काम चालू राहील. गुपचूप एक उपवासाचं चित्र वाढवलं तर कोणी विचारणारही नाही. अनघा मॅडम उलट म्हणतील, किती बारीक विचार केला मावशींनी.

यावर मी खरोखर अर्धा तास विचार केला. लिहून ठेवते.

शुभदाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, वेडी आहेस का? त्या स्वतः म्हणाल्या ना विसरले? तुला त्यात अडकवलं तर? गोळ्या देणं हे तुझं कामच नव्हतं." मग म्हणाली, "आणि सांगितलंस तर ते तुला काढून टाकतील. मग तू परत दिवसभर घरात बसणार, आणि मी इथे कामावर काळजी करत."

तिचं बरोबर आहे. मंगळवार नसला तर मी काय करायचं, हे मला ठाऊक नाही. गेल्या वर्षी कसे दिवस काढले ते आठवतही नाही. चादरी धुतल्या असतील.

पण वीस गावं आहेत. प्रत्येक गावात धोंडाबाई असेल, आणि त्यांच्यातली एखादी चित्र बरोबर वाचेल.

पाऊस उघडला आहे. आज काही वाचलं नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले, गावात गडबड आहे. आज वेळ मिळाला म्हणून सोमवारचं लिहिते.

सोमवारी सकाळच्या गाडीने गेले. अमृता सिस्टरनाही बोलावलं होतं. टेबलावर नमुना ठेवलेला. भाकरी थोडी वाकडी केली होती, मी सांगितली तशी.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. धोंडाबाई विसरल्या नाहीत. उपवासाच्या दिवशी भाकरी नाही म्हणून त्यांनी गोळी घेतली नाही, कारण चित्रात भाकरी होती. सत्तावीस दिवसांत चौदा दिवस. मी जूनमध्ये चार गोळ्या जास्त बघितल्या आणि कारण विचारलं नाही. त्यानंतर इथे येत राहिले आणि घरं फिरले नाही.

सिस्टरचा चेहरा उतरला. "मावशी, मी त्या आजींना काय काय बोलले..."

"तुम्हांला माहीत नव्हतं."

"मला माहीत असायला हवं होतं. मी स्वतः गुरुवार करते. त्या दिवशी मी खिचडी खाऊन माझी कॅल्शियमची गोळी घेते की."

अनघा मॅडमनी नमुना हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग फोन उचलून छापखान्याला सांगितलं, थांबवा. मला म्हणाल्या, "मग चित्र काय असायला हवं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. मला वाटलं होतं मला माहीत आहे. घरोघरी जाऊन विचारावं लागेल, कुठल्या दिवशी काय खाता, किती वाजता खाता. तेही खरं सांगतीलच असं नाही."

"वेळ लागेल."

"लागेल."

त्या म्हणाल्या, कळवते. वीस गावांचं, शिकवण्याचं, त्या काही बोलल्या नाहीत. मी पिशवी उचलली.

स्टेशनपर्यंत सिस्टर बरोबर होत्या. चिक्कीच्या दुकानांसमोर गर्दी होती, दोन्ही बाजूंनी लोक बोलावत होते, घ्या ताई, घ्या मावशी. फलाटावर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "मावशी, रजिस्टरमधली नोंद मला दुरुस्त करावी लागेल. मग वरून विचारणार, गोळ्या बाहेरची बाई कशी देत होती. तुम्ही आता मंगळवारी येऊ नका."

"बरं."

"राग आला?"

"नाही."

"मी लिहिणार आहे की चित्रं मीच पास केली होती. कारण मी केलीच होती." गाडी आली तेव्हा त्यांनी माझी पिशवी घेतली आणि मला खिडकीपाशी बसवलं. त्यांना माझा राग का येत नव्हता, मला कळलं नाही. तळेगावला उतरेपर्यंत त्या बाहेर बघत होत्या.

घोरावाडीला उतरले. चार वाजले होते. घरी आल्यावर शुभदाचा फोन आला. मी सांगितलं, काम गेलं. ती म्हणाली, "मग येतेस का इकडे?" मी म्हटलं, नाही. तिने विचारलं, "मग काय करणार?" मी चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं. तिने थोड्या वेळाने विचारलं, "जेवलीस का?" मी म्हटलं, जेवते.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता आणि हरतालिका होती. उपकेंद्रात गेले नाही. सकाळी आठला धोंडाकाकींच्या घरी गेले. डॉक्टरांनी मना केलं असूनही त्यांनी उपवास धरला होता. कोमलने केळं सोलून दिलं. त्यांनी ते डाव्या हाताने खाल्लं, सगळं संपेपर्यंत मी समोर बसले, मग गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती घेतली. नंतर शेजारच्या घरी गेले आणि तिथल्या बाईंना विचारलं, तुम्ही आज काय खाल्लं.